परत कधी जाणार?

आपल्याकडे पाहुणा दारात आला की त्याला पाणी विचारतात, प्रवास कसा झाला ते विचारतात, घरची मंडळी बरी आहेत ना, हेही विचारतात. “परत कधी जाणार?” हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो मनात असतो, विशेषतः पाहुणा सहकुटुंब आलेला असला म्हणजे तर असतोच असतो; पण तोंडाने काढणे असभ्यपणाचे समजतात. निघणारा माणूससुद्धा उंबऱ्याशी “जातो” म्हणत नाही, “येतो” म्हणतो. मराठीच्या वर्गात क्रियापदांचे अर्थ शिकवताना गेली कित्येक वर्षे मी हे उदाहरण देत आलो आहे. परंतु जगात एक उंबरठा असा आहे की जिथे यजमानाचा पहिला प्रश्न हाच असतो, आणि त्याचे उत्तर पटले नाही तर पाहुण्याला आल्या पावली परतावे लागते, हे मला माझ्या आईमुळे कळले.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर परदेशी राहायला गेली. देशाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. नियम थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच आहेत. २०१७ च्या पावसाळ्यात तिचा फोन आला की फेब्रुवारीअखेर घरात पाळणा हलणार आहे. आई तेव्हा सदुसष्ट वर्षांची. नागपूर ते अमरावती आणि एकदा काशी, एवढाच तिचा प्रवास. ती लगेच डिंक कुठला चांगला, याची चौकशी करू लागली. मी पासपोर्टची चौकशी करू लागलो.

पासपोर्टच्या कामात पहिली अडचण आली ती खुद्द आईचीच. म्हणजे असे की, आई एक नसून दोन होत्या. शाळेच्या दाखल्यावर ‘कुमुद’ आणि शिधापत्रिकेवर ‘विमल’! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नाव लिहून मुलीचे नाव बदलण्याची आपली रीत किती गोड. पण ते ताट पुढे कोणी जपून ठेवीत नाही. १९७० सालचे लग्न, नोंदणीचा दाखला नाही, वडील हयात नाहीत. वकिलाने प्रतिज्ञापत्र करायला सांगितले, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात द्यायला सांगितली. “मी कुमुद ही विवाहानंतर विमल या नावाने ओळखली जाते,” अशी जाहिरात आईने चष्मा लावून वाचली आणि म्हणाली, “सत्तेचाळीस वर्षांनी कुमुदचं नाव पेपरात आलं बघ!”

दुसरी गोष्ट जन्मतारखेची. आईचा जन्म नागपंचमीचा, हे घरात सर्वांना ठाऊक. दाखल्यावर मात्र १ जून. त्या पिढीतील निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मलेला आहे! शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मास्तर मुलाच्या वयाचा अंदाज घेऊन तारीख टाकून मोकळे व्हायचे. सुदैवाने कागदोपत्री एकच तारीख सगळीकडे होती, तेव्हा नागपंचमीचा आग्रह आम्ही धरला नाही. यथावकाश पोलीस शिपाई चौकशीला आले. “इथे कधीपासून राहता?” असे त्यांनी विचारले, तेव्हा “लग्न होऊन महालात आले तेव्हापासून,” असे आईने सांगितले. त्यांनी ते मुकाट्याने लिहून घेतले, चहा घेतला आणि महिनाभरात पासपोर्ट घरी आला.

आता एवढे सगळे का लागते, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. ही कटकट वाटते तितकी पुरातन नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातील पुष्कळशा देशांत पासपोर्टवाचून जाता येत असे. युद्धात हेरांच्या भीतीने सरहद्दी आवळल्या गेल्या, त्या पुन्हा सैल झाल्याच नाहीत. १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवली आणि आजच्यासारख्या छोट्या पुस्तिकेचा नमुना ठरवून दिला. आपल्याकडे तर १९६७ पर्यंत पासपोर्ट द्यायचा की नाही, ही सरकारची मर्जी होती. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे असे सांगितले, आणि त्यानंतर दोनअडीच महिन्यांतच पासपोर्टचा कायदा झाला. म्हणजे आपल्या देशातून बाहेर पडणे हा हक्क झाला. दुसऱ्याच्या देशात शिरणे मात्र कोणाचाच हक्क नाही. तिथे त्या घरच्या धन्याची मर्जी. नेपाळसारखा शेजारी सोडा. तिथे आपण पासपोर्टशिवायही जातो, मतदार ओळखपत्र पुरते. पण असे शेजारी किती?

‘व्हिसा’ या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ ‘पाहिलेले’. कागद पाहिले, एवढेच. पेशवाईच्या दप्तरात वाटेतल्या चौक्यांवर अडवू नये म्हणून दिलेल्या परवान्याला ‘दस्तक’ म्हटलेले आढळते. हिंदी-उर्दूत तोच शब्द दार ठोठावण्याला वापरतात. मला हिंदीवाल्यांचा अर्थ अधिक नेमका वाटतो. कारण व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला, असा पुष्कळांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. व्हिसा ही दारापर्यंत जाऊन कडी वाजवण्याची परवानगी आहे. आत घ्यायचे की नाही आणि किती दिवस, ते तिथल्या विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. व्हिसावर दहा वर्षांची मुदत छापलेली असेल. म्हणून कोणी दहा वर्षे राहू लागला तर पंचाईत. कडी दहा वर्षे वाजवता येते, मुक्काम प्रत्येक वेळी वेगळा ठरतो.

अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यात तर स्पष्टच म्हटले आहे की, पाहुणा म्हणून येऊ पाहणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच येतो आहे, असे धरून चालावे. तसे नाही हे त्याने पटवून द्यावे. न्यायालयात आरोपीला निर्दोष धरतात, इथे सारे उलटे. ब्रिटनच्या नियमांतही, पाहुणा मुदतीअखेर परत जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे, असे आहे. थोडक्यात, “परत कधी जाणार, आणि कशावरून?” या प्रश्नाभोवतीच सारी कागदपत्रे फिरतात. घराचा उतारा, बँकेचे पुस्तक, पेन्शनचा कागद, हे सगळे त्या एका प्रश्नाचे उत्तर.

मी शिकलासवरलेला माणूस. मी हे सर्व वाचले, दहा अनुभवी लोकांना विचारले, आणि नेमके तिथेच चुकलो.

त्या दहांपैकी सात जणांनी बजावले की, बाळंतपणाचा उल्लेखसुद्धा करू नका. आई कामाला येते आहे, मोलकरणीचे पैसे वाचवायला बोलावली आहे, अशी त्यांना शंका येते. फिरायला जाते म्हणून सांगा. मला ते पटले. मी आईला प्रश्नोत्तरे लिहून दिली. एका कागदावर तिथली प्रेक्षणीय स्थळे लिहिली, त्यांत एक मोठा धबधबा होता. रोज संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी परीक्षक होऊन बसायचो आणि आई उत्तरे म्हणायची. तिची मनातून तयारी नव्हती. “अरे, लेकीचं बाळंतपण आहे, त्यात लपवायचं काय?” असे ती दोनदा म्हणाली. मी तिला गप्प केले.

जानेवारी २०१८ मध्ये मुलाखत झाली. आदल्या दिवशी दहाही बोटांचे ठसे घेतले. जन्मभर भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्राला ते उमटेनात. तिथल्या मुलीने ओला रुमाल दिला, बोटे दाबून धरली, तेव्हा कुठे जमले. दुसऱ्या दिवशी मला आत जाऊ दिले नाही. मी रस्त्यापलीकडे दोन तास उभा होतो. आत काय झाले, ते आईने नंतर सांगितले, ते असे. दुभाष्याच्या मदतीने साहेबाने विचारले, कशाला जाता? फिरायला. काय पाहणार? धबधबा. मुलीला मुले किती? आई म्हणाली, “अजून नाही, होणार आहे.” कधी? फेब्रुवारीत. तेव्हा साहेब म्हणाला, “बाई, फेब्रुवारीत तिथे बर्फ असतो. मुलगी बाळंत होणार, आणि तुम्ही धबधबा पाहायला जाणार?”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? त्याचं बरोबर होतं. मी गप्प बसून राहिले.”

हातात एक छापील कागद घेऊन ती बाहेर आली. व्हिसा नाकारला होता. फीचे पैसे परत मिळत नाहीत, हे सांगायला नकोच. रेल्वेत रात्रभर ती काही बोलली नाही. पहाटे वर्धा गेल्यावर म्हणाली, “खोटं बोलायला मला येत नाही, हे तुला माहीत होतं ना?”

बहिणीला फोन मी केला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “राहू दे दादा, आम्ही बघतो.” तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्याही जाण्यातल्या नव्हत्या. फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात मुलगा झाला. पहिली आंघोळ जावयांनी घातली. इकडे महालातल्या घरात रात्री साडेनऊला आई फोनचा पडदा डोळ्यांशी धरून बसली होती. “पाणी कोपर बुडवून बघा हो, हाताने नाही कळत!” ते बिचारे कोपर बुडवून दाखवत होते. पुढे चित्र अडकले, नुसता रडण्याचा आवाज येत राहिला. डिंकाचे लाडू केलेले होते, ते आम्हीच खाल्ले.

त्या दिवसांत जरीपटक्यातल्या एका दुकानात मी गेलो होतो. दुसऱ्यांदा अर्ज करायचे ठरले होते, म्हणून आशेने एक प्रवासी पेटी पाहत होतो. दुकानदार सिंधी, मराठी आपल्यासारखेच बोलणारे. व्हिसा नाकारल्याची माझी कहाणी त्यांनी ऐकून घेतली आणि हसले. “साहेब, तुम्हाला पुन्हा विचारायला जागा तरी आहे.” त्यांच्या आईची सख्खी बहीण सिंधमध्ये राहिलेली. फाळणीनंतर पहिले काही महिने माणसे जातयेत होती. जुलै १९४८ मध्ये परमिट आले, ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा. तोही देशाचा नव्हे, ठरावीक गावांचा. गावात पोचल्यावर पोलीस ठाण्यात वर्दी द्यायची, निघताना पुन्हा द्यायची. १९६५ च्या युद्धात मुनाबाव-खोक्रापारची रेल्वे बंद पडली, ती २००६ मध्ये ‘थर एक्स्प्रेस’ म्हणून सुरू झाली, तेव्हा दोघी बहिणी एकदा भेटल्या. “दोघींना एकमेकींची ओळख पटायला वेळ लागला,” ते म्हणाले. त्यांच्याशी बोललो तेव्हा ती गाडी चालू होती. पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये तीही थांबली, आणि एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, अटारीचा नाका बंद झाला. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या तिकडच्या हिंदूंना मात्र त्यातून वगळले. नागपुरात अशी कुटुंबे थोडी नाहीत. त्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या मोजक्या जिल्हाधिकाऱ्यांना डिसेंबर २०१६ मध्ये दिले गेले, त्यांत नागपूरचे होते ते काही उगीच नाही.

नागपूरने याच्या अगदी उलटाही प्रसंग पाहिला आहे. भदंत सुरई ससाई हे जपानी भिक्षू १९६६ साली भारतात आले आणि पुढे नागपूरचेच झाले. दीक्षाभूमीच्या शहराने त्यांना आपले मानले. पण कागद मानीत नव्हता. मुदत उलटूनही राहिले म्हणून त्यांना परत धाडण्याचा खटला झाला. नागपूरकरांनी त्यांच्यासाठी सह्या गोळा केल्या. १९८७ मध्ये खटला निकालात निघून त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. “परत कधी जाणार?” या प्रश्नाला “जाणार नाही” असे उत्तर देऊन जिंकलेला माणूस माझ्या माहितीत हा एकच. इतरांनी त्या वाटेला जाऊ नये. मुदतीपेक्षा एक दिवसही अधिक राहिले की पुढच्या प्रत्येक अर्जावर त्याची सावली पडते.

मे महिन्यात आई पुन्हा मुलाखतीला गेली. या वेळी मी काही पढवले नाही. माझी तशी हिंमतच नव्हती. खिडकीमागे दुसरा साहेब होता. आईने सरळ सांगितले, लेक बाळंत झाली, तेव्हा येता आले नाही; नातू तीन महिन्यांचा झाला, त्याला पाहायला जाते. किती दिवस? तीन महिने. अधिक का नाही? त्यावर आई जे बोलली ते दुभाष्याने कसे सांगितले असेल कोण जाणे. ती म्हणाली, “भाद्रपदात आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. सासूबाईंनंतर मीच बसवत आले. त्या यायच्या आणि घरची बाई परगावी, हे कसं चालेल?”

पुण्यामुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो, तुम्ही ज्यांना गौरी म्हणता त्या आमच्या विदर्भातल्या महालक्ष्म्या. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, सोळा भाज्या आणि आंबिलीचे जेवण जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. साहेबाने दोनतीन प्रश्न आणखी विचारले आणि पासपोर्ट ठेवून घेतला. व्हिसा मिळाला. आता तो महालक्ष्म्यांमुळे मिळाला, की घराच्या उताऱ्यामुळे, की साहेबच निराळा होता म्हणून, हे मी सांगू शकणार नाही. आईला विचाराल तर तिला शंकाच नाही.

प्रवासाची तयारी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. शेजारच्या काकूंनी अंगणातल्या कढीपत्त्याचे डहाळे प्रेमाने आणून दिले, ते मी पेटीतून काढून ठेवले, आणि अजून त्या माझ्याशी नीट बोलत नाहीत. पण कढीपत्ता आणि संत्रे ही एकाच कुळातली झाडे आहेत. आपल्या संत्र्याच्या बागांना छळणारी सायला नावाची कीड कढीपत्त्यावरही राहते आणि ग्रीनिंगचा रोग पसरवते. म्हणून अमेरिकेत तर ताजा कढीपत्ता नेऊ देत नाहीत. काटोल-वरूडच्या बागाईतदाराला हे पटवून द्यावे लागणार नाही. तसेच, दिवाळीत दुबईला अनारसे पाठवणाऱ्या मंडळींनी जरा जपावे. अमिरातीत खसखस ही अमली पदार्थांत मोडते. अनारशावर आपण ती किती सढळ हाताने लावतो! खाण्याचे काही जवळ असले तर विचारण्याआधी सांगून टाकावे. काढून घेतील, एवढेच. लपवलेले सापडले तर दंड.

आईसाठी मी चाकांची खुर्ची मागवली होती. ती रोज पायी देवळात जाऊन येणारी. ती लाजेने चूर झाली. पण विमानतळावर पाहिले तर चांगल्या चालत्याफिरत्या आयांची एक रांगच खुर्च्यांवर बसलेली! सगळ्यांच्या मुलांनी एकच विचार केलेला. पायांसाठी नव्हे, भाषेसाठी. खुर्ची ढकलणारा माणूस रांगेत बरोबर असतो, कागद कुठे दाखवायचा ते दाखवतो. आईच्या पर्समध्ये मी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी, मुलीचा पत्ता आणि परतीचे तिकीट ठेवले होते. तिथल्या अधिकाऱ्याने चिठ्ठी वाचली, तिकीट पाहिले, पुन्हा बोटे टेकवायला लावली आणि त्याच्या भाषेत काहीतरी विचारले. आईला त्यातले काही कळले नाही. पण काय विचारले असणार, हे आता तिला ठाऊक होते. तिने तिकिटावरच्या परतीच्या तारखेवर बोट ठेवले. त्याने सहा महिन्यांचा शिक्का मारला. (असे शिक्केही आता जाणार. युरोपातल्या शेंगेन देशांनी ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी चेहरा आणि बोटांचे ठसे टिपायला सुरुवात केली आहे.)

सहा महिने दिले असताना ती तीन महिन्यांनीच, ऑगस्टच्या अखेरीस परत आली. १५ सप्टेंबरला महालक्ष्म्या बसल्या. जेवणाच्या दिवशी बहिणीने फोनवरून दर्शन घेतले. आई म्हणाली, “आता तू कधी येतेस?” बहीण म्हणाली, “आमचे कागद नूतनीकरणाला गेलेत ग. ते मिळण्याआधी देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नाही.” नोकरीच्या परवान्यावर राहणाऱ्यांचे हे असेच. आई काही बोलली नाही.

कागद आले, मग कोरोना आला, आणि शेवटी २०२२ च्या हिवाळ्यात यायचे ठरले. मी संगणकावर बसून अर्ज भरत होतो. अर्ज भाच्याचा. तो तिथे जन्मला, पासपोर्ट तिथला. आजीच्या घरी यायला त्याला भारताचा व्हिसा हवा. आपलाही देश दारात तेच विचारतो. परकीय पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत तशी नोंद द्यावी लागते. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन त्यांच्या जागी एकच नवा आला, त्यातही प्रश्न तोच आहे.

“त्यालाही विचारतात?” आईने मागून विचारले.

“हो. येण्याचे कारण काय, आणि किती दिवस राहणार.”

मी एकवीस दिवस लिहिले. आईने चष्मा लावून पडद्यावर पाहिले आणि म्हणाली, “आणखी आठ लिही.”